शिडाने वाट कधी सोडली? १८६३ ते १९७२

संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "विषय ठरलाय, पण प्रश्न सापडत नाहीये." विषय म्हणजे 'सागरी इतिहास', 'वाहतुकीचा इतिहास' असं काहीतरी भलंमोठं असतं, आणि त्यातून प्रश्न कुठून काढायचा हे कळत नाही. माझा एक साधा उपाय आहे. रोजच्या वापरातला एखादा कोरडा कागद घ्या आणि त्यातली प्रत्येक ओळ कोणत्या साली आली असेल, हे विचारत बसा. आज असा एक कागद घेऊ : शिडाच्या छोट्या नौकेच्या, म्हणजे यॉटच्या, खुल्या समुद्रातल्या प्रवासाचा आराखडा.

उदाहरण उत्तर समुद्राचं घेतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लोस्टॉफ्ट हे बंदर आहे. समोर नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर आयमाउडेन. दोन्ही बंदरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ पूर्वेकडे रेघ निघते. अंतर साधारण १०० सागरी मैल. दहा-बारा मीटरची यॉट ताशी पाच मैलांनी, म्हणजे पाच नॉटने, चालली तर वीस तास. एक दिवस, एक रात्र. कागदावर एवढंच.

पण ती सरळ रेघ कुणी वापरत नाही. वाटेत पवनचक्क्यांची क्षेत्रं आहेत, नैसर्गिक वायूचे प्लॅटफॉर्म आहेत, आणि डोव्हरच्या सामुद्रधुनीतून जर्मनी-डेन्मार्ककडे जाणाऱ्या मालवाहू जहाजांच्या आखून दिलेल्या लेन आहेत. म्हणून आराखड्यात अशा नोंदी येतात : अमुक ठिकाणी लेन काटकोनात ओलांडायची. प्लॅटफॉर्मपासून किमान ५०० मीटर दूर राहायचं. लेनमध्ये मोठ्या जहाजाच्या वाटेत यायचं नाही. यॉट चालवणारा माणूस हे नियम हवामानासारखे गृहीत धरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तसं करायचं नसतं.

आधी या नियमांचा प्रत्यक्षात अर्थ काय होतो ते आकड्यांत बघू, कारण त्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहील. समजा लेन चार सागरी मैल रुंद आहे. पाच नॉटच्या यॉटला ती ओलांडायला ४८ मिनिटं लागतात. लेनमधलं कंटेनर जहाज २० नॉटने येत असेल तर तेवढ्या वेळात ते १६ मैल कापतं. यॉटवर बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून फार तर दोन मीटर वर असतो. त्याला क्षितिज तीन मैलांवर दिसतं. जहाज उंच असतं, म्हणून त्याचा वरचा भाग त्याहून बराच लांबून दिसू शकतो, पण १६ मैलांवरून सहसा नाही. म्हणजे बघा, तुम्ही लेनमध्ये नाळ घालता तेव्हा जे जहाज तुम्हाला शेवटच्या टप्प्यात गाठू शकतं ते अजून क्षितिजाखाली असू शकतं. समोर कोणी नाही म्हणून निघालो, हा हिशेब इथे चालत नाही. आजकाल एआयएस यंत्रावर जहाजांची नावं, वेग, दिशा दिसतात म्हणून काम सोपं झालं आहे. पण नियम लिहिले गेले तेव्हा ते यंत्र नव्हतं.

आता मुख्य प्रश्न. शिडाची नौका आणि इंजिनाचं जहाज समोरासमोर आले तर वाट कोणी द्यायची?

या प्रश्नाचं उत्तर एकेकाळी अगदी स्पष्ट होतं. १८४० मध्येच लंडनच्या ट्रिनिटी हाऊसने आगबोटींसाठी नियम केले तेव्हा आगबोटीला अनुकूल वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजासारखं मानलं होतं. वारा पाठीशी असलेल्याने अडचणीत असलेल्याला वाट द्यायची, हा शिडांच्या काळातला जुना रिवाज; आगबोटीला तर वारा कायमच पाठीशी. १८६३ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सरकारांनी मिळून टक्कर टाळण्याचे नियम लागू केले, त्यात ते थेट आलं : शिडाचं जहाज आणि आगबोट यांच्यात टकरीचा धोका असेल तर आगबोटीने बाजूला व्हावं. पुढे बऱ्याच सागरी देशांनी हेच नियम उचलले.

यामागचा विचार लक्षात घ्या. इथे कोण मोठा, कोण श्रीमंत, कोणाचा माल महाग हे विचारलेलं नाही. कोणाला वळता येतं, एवढंच विचारलं आहे. शिडाच्या नौकेला वाऱ्याच्या थेट विरुद्ध जाता येत नाही, वारा पडला तर जागच्या जागी राहावं लागतं. इंजिनवाल्याला कुठेही वळता येतं. ज्याला जमतं त्याने करावं. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला हा न्याय समजावून सांगावा लागणार नाही.

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हीच तरतूद आजही आहे. अठराव्या नियमात इंजिनाच्या जहाजाने शिडाच्या नौकेला वाट द्यावी असंच लिहिलं आहे. पण त्याच पुस्तकात दहावा नियम आहे, वाहतूक विभाजन योजनांचा. त्याचं एक उपकलम सांगतं की २० मीटरपेक्षा लहान नौकेने किंवा शिडाच्या नौकेने, लेनमधून जाणाऱ्या इंजिनाच्या जहाजाच्या सुरक्षित मार्गात अडथळा आणू नये. त्याच्या लगेच आधीचं उपकलम मासेमारी करणाऱ्या नौकांना तसंच बजावतं.

१८६३ चं वाक्य आणि १९७२ चं हे वाक्य शेजारी शेजारी ठेवा. मधल्या १०९ वर्षांत काहीतरी घडलं आहे. झाला ना प्रश्न तयार?

पहिलं उत्तर सुचतं ते असं की जहाजं मोठी झाली, त्यांना वळता येईना, म्हणून लहानांनी बाजूला व्हायचं. हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे. मधला एक कागद वाचल्याशिवाय उरलेलं अर्धं दिसत नाही. तो कागद म्हणजे १९६० चे नियम. त्यात एक छोटी सवलत सापडते : अरुंद खाडीत किंवा चॅनेलमध्ये, फक्त त्या चॅनेलमधूनच जाऊ शकणाऱ्या इंजिनाच्या जहाजाला शिडाच्या नौकेने अडवू नये. इथे अजून जुनाच न्याय चालू आहे. दोन्ही बाजूंना वाळू आहे, मोठं जहाज चॅनेलबाहेर गेलं तर रुतेल, यॉटला मात्र उथळ पाण्यात सरकता येतं. ज्याला जमतं त्याने करावं.

१९७२ मध्ये जे झालं ते वेगळं. लेनच्या कडेला वाळू नसते. नकाशावर जांभळ्या रंगात छापलेली रेघ असते. त्या रेघेपलीकडे पाणी तेवढंच खोल असू शकतं, आणि जहाजाला वळता येत असतं. तरीही लहान नौकेवरची जबाबदारी चॅनेलमधून उचलून इथे आणली गेली. आखलेल्या रेघेला वाळूच्या बांधाचा दर्जा मिळाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा सांधा हाच आहे, आणि जहाजांच्या आकाराचं स्पष्टीकरण देऊन आपण तो झाकून टाकतो.

मग या रेघा आल्या कुठून? कल्पना जुनी आहे. २७ सप्टेंबर १८५४ रोजी न्यूफाउंडलंडजवळ धुक्यात 'आर्क्टिक' ही अमेरिकन आगबोट 'व्हेस्टा' या फ्रेंच बोटीवर आदळून बुडाली. तीनशेच्या आसपास माणसं गेली. बाई किंवा मूल एकही वाचलं नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकन नौदलातल्या मॅथ्यू फाँटेन मॉरी यांनी अटलांटिकवर जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी दुसरी अशा वेगळ्या लेन सुचवल्या. १८९८ मध्ये मोठ्या प्रवासी कंपन्यांनी आपसात करार करून तसे मार्ग ठरवले. हा करार कंपन्यांचा होता. कायदा नव्हता, आणि बाहेरच्या कुणावर त्याचं बंधनही नव्हतं.

डोव्हरच्या सामुद्रधुनीची गोष्ट यापुढची. तिथे दोन किनाऱ्यांमध्ये सर्वांत कमी अंतर ३३ किलोमीटर, मध्ये वाळूचे बांध, आणि दिवसाला चारशेहून जास्त व्यापारी जहाजं. त्यांना आडव्या जाणाऱ्या फेरीबोटी वेगळ्या. जून १९६७ मध्ये तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या लेन वेगळ्या करणारी योजना सुरू झाली. सुरुवातीला पाळणं ऐच्छिक होतं.

इथे एक सापळा आहे, तो नीट बघा. १८ मार्च १९६७ ला 'टॉरी कॅन्यन' हा तेलवाहू टँकर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ खडकावर आदळला आणि त्याचं तेल किनाऱ्यांवर पसरलं. तीन महिन्यांनी डोव्हरची योजना आली. त्यामुळे 'टॉरी कॅन्यनमुळे लेन आल्या' असं लिहायचा मोह होतो. तारखा इतक्या छान जुळतात की शंकाही येत नाही. पण ब्रिटन, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीच्या नौकानयन संस्थांनी डोव्हरचा संयुक्त अभ्यास सुरू केला होता १९६१ मध्ये. म्हणजे योजना अपघाताच्या आधीपासून शिजत होती. एखादी घटना निर्णयाच्या आधी घडली म्हणून ती त्या निर्णयाचं कारण होत नाही. कारण शोधायचं तर निर्णयाची फाईल कधी उघडली गेली ते बघावं लागतं. तुमचा विषय रेल्वे असो, पाटबंधारे असो की दुष्काळाचा कायदा, ही तपासणी करून बघाच. बऱ्याच सुंदर कथा तिथे गळून पडतात.

उलट, ऐच्छिक योजना सक्तीची होण्यामागे मात्र अपघात खरोखरच आहे. ११ जानेवारी १९७१ ला 'टेक्साको कॅरिबियन' हा टँकर आणि पेरूचं 'पाराकास' हे मालवाहू जहाज डोव्हरच्या सामुद्रधुनीत आदळले. पाराकास चुकीच्या लेनमधून, उलट दिशेने येत होतं. टँकर फुटून बुडाला. दुसऱ्या दिवशी जर्मन जहाज 'ब्रांडेनबर्ग' त्याच्या सांगाड्यावर आपटून बुडालं. मग तिथे इशाऱ्याच्या दीपनौका आणि बोये ठेवले गेले. तरी फेब्रुवारीच्या २७ तारखेला 'निकी' हे ग्रीक जहाज तिथेच गेलं, आणि त्यावरचं कोणीही वाचलं नाही. सात आठवड्यांत एकाच जागी पन्नासच्या आसपास माणसं मेली. पुढच्याच वर्षी नव्या नियमांत दहावा नियम आला, आणि १५ जुलै १९७७ पासून ते नियम लागू झाले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या : या तिन्ही बुडालेल्या जहाजांच्या कहाणीत एकही यॉट नाही आणि एकही मासेमारी नौका नाही. मोठी जहाजं मोठ्या जहाजाला किंवा त्याच्या सांगाड्याला धडकली. लेन आखण्याचं कारण ते होतं, आणि ते योग्यच होतं. लेनमुळे समोरासमोरच्या टकरी कमी झाल्या यात वाद नाही. पण लेन आखली की ती मोकळी ठेवण्याची जबाबदारी कोणावर, हा दुसरा प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर जे टकरीत नव्हते त्यांच्या नावावर लिहिलं गेलं.

अर्थात इथे शब्द नीट वाचायला हवेत. 'वाट द्यावी' आणि 'अडथळा आणू नये' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. पहिलं सांगतं की टकरीचा धोका निर्माण झाल्यावर कोणी वळायचं. दुसरं सांगतं की तो धोका निर्माणच होऊ नये म्हणून लहान नौकेने आधीच पुरेशी जागा सोडायची. मग धोका झालाच तर? त्या वेळी नेहमीचे नियम लागू होतात, म्हणजे इंजिनाच्या जहाजाचीही सुटका नाही. हे इतकं संदिग्ध होतं की १९८७ मध्ये दुरुस्ती करून स्पष्ट करावं लागलं. गोंधळ किती झाला असेल याचा अंदाज त्या दुरुस्तीवरूनच येतो. कायद्याचा मजकूर साधन म्हणून वापरताना मूळ मजकुरापेक्षा दुरुस्त्या जास्त बोलक्या असतात, हे माझं ठाम मत झालं आहे.

त्याच फेरीतली आणखी एक दुरुस्ती मला फार आवडते. मूळ नियमात लेन 'शक्य तितक्या काटकोनात' ओलांडावी असं होतं. पण काटकोन कशाचा? नौकेचं तोंड काटकोनात ठेवायचं की पाण्यावरून झालेली प्रत्यक्ष वाट? भरती-ओहोटीचा प्रवाह लेनच्या दिशेने दोन नॉटने वाहत असेल तर या दोन गोष्टी वेगळ्या होतात. प्रवाहाची भरपाई करून वाट सरळ ठेवायला गेलात तर नाळ तिरकी होते, आडवं जाण्याचा वेग पाच नॉटवरून साडेचारच्या थोडा वर येतो, आणि ४८ मिनिटांच्या जागी ५२ लागतात. शिवाय जहाजावरून बघणाऱ्याला तुमची बाजू तिरकी दिसते, तुम्ही नक्की कुठे चाललात ते कळत नाही. दुरुस्तीने सांगितलं की काटकोन तोंडाचा. वाहत गेलात तर जा, पण लवकर बाहेर पडा. आज यॉटच्या आराखड्यात 'लेनमध्ये प्रवाहाची दुरुस्ती करू नये' अशी ओळ असते ती इथून आली.

पुढची ओळ : ५०० मीटर. ही कथा छोटी आहे. १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने समुद्रातल्या बांधकामांभोवती सुरक्षा क्षेत्र असावं असं सुचवलं, आणि सर्वसाधारणपणे ५०० मीटरची त्रिज्या पुरेशी आहे असं मत दिलं. १९५८ च्या जिनिव्हा करारात तो आकडा कमाल मर्यादा म्हणून आला, १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातही तसाच राहिला. उत्तर समुद्राच्या ब्रिटिश भागात वायूचा पहिला मोठा साठा १९६५ मध्ये सापडला. म्हणजे आकडा आधी आला, तिथले प्लॅटफॉर्म नंतर. २० नॉटचं जहाज ५०० मीटर पन्नास सेकंदांच्या आत पार करतं. मोठ्या टँकरला थांबायला काही किलोमीटर लागतात. यॉटच्या दृष्टीने अंतर भरपूर आहे, टँकरच्या दृष्टीने ते केवळ कागदावर आहे.

आपल्याकडचा मुंबई हायचा अनुभव याच संदर्भात तपासण्यासारखा आहे. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तेल शोधलं. तिथल्या प्लॅटफॉर्मभोवतीही ५०० मीटरचं क्षेत्र आहे, परक्या नौकांना दूर ठेवण्यासाठी. २७ जुलै २००५ रोजी, म्हणजे २६ जुलैच्या पुराच्या दुसऱ्या दिवशी, 'समुद्र सुरक्षा' हे जहाज जखमी कर्मचाऱ्याला उतरवण्यासाठी खवळलेल्या समुद्रात उत्तरेकडच्या प्लॅटफॉर्मजवळ गेलं. त्याची धडक वायूच्या उभ्या नळीला बसली, आग लागली, काही तासांत प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. २२ जणांचे प्राण गेले. क्षेत्राच्या आत यायची मुभा असलेलं जहाजच धडकलं होतं. दूर ठेवलेल्या मच्छीमारांचा इथे काही संबंध नव्हता. महाराष्ट्रात बसून सागरी इतिहास करायचा असेल तर हा विषय हाताशी आहे : मुंबई हायच्या सीमा, त्या कोणाला लागू झाल्या, आणि कोळी लोकांच्या जाळ्यांच्या जागा त्याआधी कुठे होत्या.

आराखड्यातली शेवटची ओळ पवनचक्क्यांची, आणि इथे गोष्ट जराशी उलट वळते. १ ऑगस्ट २०१३ ला नेदरलँड्ससमोरच्या जहाजांच्या लेन नव्याने आखल्या गेल्या. त्यातून पवनचक्क्यांनाही जागा निघाली. म्हणजे रेघ सरकवता येते तर. पवनचक्क्यांच्या क्षेत्रांत सुरुवातीला कुणालाच प्रवेश नव्हता. मग १ मे २०१८ पासून काही डच क्षेत्रांतून २४ मीटरपेक्षा लहान नौकांना दिवसा, अटी पाळून जाऊ देण्यात आलं. ब्रिटनमध्ये चालू असलेल्या क्षेत्रांतून यॉट साधारणपणे जाऊ शकतात; पात्यांचं टोक भरतीच्या पाण्यापासून किमान २२ मीटर वर ठेवलेलं असतं. त्यामुळे आपल्या यॉटचा डोलकाठीसकट उंचीचा आकडा आराखड्यात लिहावा लागतो. मोठी जहाजं जिथे येऊच शकत नाहीत अशी ही जागा आहे, म्हणून काही नावाडी रात्र टाळून मुद्दाम तिथून जातात.

हे सगळं शोधायचं कुठे, असं विचाराल. ब्रिटिश ॲडमिरल्टी १८३४ पासून नाविकांसाठी सूचना छापते. त्यात कुठला बोया कधी हलवला इथपर्यंत नोंदी असतात. भारतीय पाण्यासाठी हेच काम डेहराडूनचं राष्ट्रीय जलालेखन कार्यालय करतं. एकाच पाण्याच्या नकाशाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या समोर ठेवल्या की रेघा केव्हा आल्या ते डोळ्यांनी दिसतं. हौशी नावाड्यांची लेखनं वेगळीच मदत करतात. आर. टी. मॅकमलन यांचं 'डाऊन चॅनेल' १८६९ चं, म्हणजे १८६३ च्या नियमानंतर सहाच वर्षांनी आलेलं. छोट्या नौकेतून इंग्लिश खाडीत फिरणारा हा माणूस आगबोटींबद्दल काय लिहितो ते वाचा, आणि मग आजची एखादी यॉटची रोजनिशी वाचा. मात्र सांभाळून. लिहिणारे हौशी लोक बहुतेक सुखवस्तू होते. त्याच पाण्यात जाळी टाकणाऱ्यांनी रोजनिशा क्वचितच लिहिल्या. त्यांचा आवाज हवा असेल तर टकरींच्या चौकशीतल्या साक्षी उघडाव्या लागतात, आणि तिथे ते फक्त काहीतरी बिघडल्यावरच बोलताना सापडतात.

पुढच्या लेखात अशाच एका चौकशीची साक्ष कशी वाचायची ते बघू. तोवर एक काम करा : आपापल्या विषयातला एक चालू नियम निवडा, त्याच्या सगळ्या दुरुस्त्या तारखेनुसार लावा, आणि प्रत्येकीत क्रियापद कुठे बदललं त्याखाली रेघ मारा.